मेंदू जपायचा तर सुरुवात रक्तदाबापासून

मावशीच्या एमआरआयची फिल्म डॉक्टरांनी उजेडाच्या फळीवर लावली आणि पेनच्या टोकाने ते पांढरे डाग दाखवले. मेंदूच्या आतल्या पोकळ्यांच्या कडेने, विरळ कापूस चिकटवावा तसे. मावशीला कधी झटका आला नव्हता. ना हात लुळा पडला, ना बोलणं अडखळलं. झालं होतं ते एवढंच: आयुष्यभर घरचा हिशेब तोंडपाठ असलेली बाई बिल भरलं की राहिलं यात घोळ घालू लागली होती. एक काम चालू असताना मध्ये दुसरं आलं की पहिलं तसंच राहायचं. साध्या प्रश्नालाही उत्तर यायला वेळ लागायचा. वय झालं, असं म्हणून आम्ही सगळे दोन वर्षं गप्प बसलो.

डॉक्टरांनी तिला तारीख-वार विचारण्याआधी आम्हाला विचारलं, "बीपी किती वर्षांपासून आहे? गोळी रोज घेतात का?"

बीपी वीस वर्षांपासून होतं. गोळी डोकं दुखेल त्या दिवशी.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत आले आहे. जे कळलं ते करण्याच्या क्रमाने इथे मांडते. चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाने हे स्वतःसाठी वाचावं. घरात साठी ओलांडलेलं कुणी असेल तर त्यांच्यासाठीही वाचावं.

हृदयाचा मेंदूशी संबंध येतो कुठे

शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम २ टक्के. पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के एकट्या मेंदूला लागतो, आणि साठवण जवळजवळ नाहीच. रक्त थांबलं की काही सेकंदांत शुद्ध हरपते, काही मिनिटांत पेशी मरू लागतात. हृदयाने आत्ता जे पाठवलं त्यावरच मेंदूचं आत्ताचं चालतं.

त्यात मेंदूच्या खोल भागाला रक्त नेणाऱ्या बारीक धमन्यांची ठेवण नाजूक आहे. इतर ठिकाणी धमनी फांद्यांमागून फांद्या फुटत बारीक होत जाते आणि दाब वाटेतच ओसरतो. इथे मात्र केसासारख्या धमन्या थेट मोठ्या धमनीतून फुटतात, त्यामुळे तिच्यातला बराचसा दाब त्यांच्या भिंतींवर आदळतो. तरुणपणी महाधमनी लवचीक असते, हृदयाच्या प्रत्येक ठोक्याचा धक्का ती पोटात घेते. वय, उच्च रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखू यांनी ती ताठ झाली की तोच धक्का पुढे मेंदूपर्यंत जातो. हे वर्षानुवर्षं चाललं की बारीक धमन्यांच्या भिंती जाड होतात, आतली वाट अरुंद होते, एखादी कधी पूर्ण बुजते. काही मिलिमीटरचा तुकडा मरतो आणि माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. मावशीच्या फिल्मवरचे पांढरे डाग म्हणजे बारीक धमन्यांच्या याच बिघाडाच्या खुणा.

मेंदूचा हा आतला भाग म्हणजे एका ठिकाणचा निरोप दुसरीकडे पोहोचवणाऱ्या तारांचं जाळं. त्या तारा खराब झाल्या की आधी वेग जातो. बेत आखणं, दोन कामं एकत्र सांभाळणं, एका विषयावरून दुसऱ्यावर येणं जड जातं. म्हणून रक्तवाहिन्यांमुळे होणाऱ्या ऱ्हासात माणूस बऱ्याचदा नावं विसरण्याआधी मंदावतो. मावशीचं नेमकं हेच झालं होतं आणि आम्ही ते ओळखलं नाही, कारण आमच्या डोक्यात विसरणं म्हणजेच आजार होता.

"अल्झायमर वेगळा, त्याचा हृदयाशी काय संबंध?" असं मलाही वाटायचं. अमेरिकेत १९८६ मध्ये ६७८ ननवर एक अभ्यास सुरू झाला. त्यांनी मृत्यूनंतर आपले मेंदू तपासायला देण्याचं कबूल केलं होतं. १९९७ मध्ये त्यातून एक गोष्ट पुढे आली: ज्यांच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा होत्या, त्यांच्यापैकी ज्यांना मेंदूच्या आतल्या भागात असे छोटे बुजलेले तुकडेही होते, त्यांना जिवंतपणी स्मृतिभ्रंश झाल्याचं प्रमाण कितीतरी जास्त होतं. उतारवयातल्या मेंदूत हे दोन्ही आजार बहुतेक वेळा हातात हात घालून येतात. अल्झायमरच्या खुणा पुसण्याचा सोपा उपाय आजही आपल्या हाती नाही. दुसरा भार कमी करणं मात्र बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे.

किती अंशी? 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ मंडळाने २०२४ मध्ये १४ टाळता येण्याजोगी कारणं मोजली. ती सगळी दूर करता आली तर जगातले जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकतील किंवा लांबवता येतील, असा त्यांचा अंदाज आहे. हा हिशेब सगळ्या लोकसंख्येचा आहे. एकट्या माणसाला तो हमी देत नाही, आणि सगळं नीट सांभाळूनही ज्यांना हा आजार झाला त्यांची त्यात चूक नसते. पण त्या चौदांतली निम्मी कारणं ओळखीची आहेत: रक्तदाब, एलडीएल म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, मधुमेह, लठ्ठपणा, धूम्रपान, बैठेपणा, अति मद्यपान. हृदयविकाराच्या डॉक्टरांकडे हीच यादी असते. आणि ही सातही कारणं त्यांनी मध्यम वयाच्या खात्यात टाकली आहेत, म्हातारपणाच्या नाही.

पहिली पायरी: सात दिवस घरी रक्तदाब मोजा

एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. शब्दकोडी, स्मरणशक्तीच्या गोळ्या, मेंदूचे खेळ हे सगळं यानंतर.

माझ्या या आग्रहामागे पुरावा आहे. 'स्प्रिंट माइंड' या २०१९ च्या अमेरिकी चाचणीत पन्नाशीपुढच्या ९,३०० हून अधिक लोकांचे दोन गट केले होते. एकाचा वरचा आकडा १४० च्या खाली ठेवायचा, दुसऱ्याचा १२० च्या खाली. कडक गटात सौम्य बौद्धिक ऱ्हास १९ टक्के कमी दिसला. पूर्ण स्मृतिभ्रंशातही घट दिसली, पण ती छातीठोकपणे सांगण्याइतकी ठळक नव्हती. पुढे चीनच्या ग्रामीण भागात ३२६ गावांतल्या सुमारे ३४ हजार लोकांवर चाचणी झाली. गावातल्याच साध्या आरोग्यसेवकांनी गोळ्या आणि सवयी यांचा पाठपुरावा केला, आणि चार वर्षांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण १५ टक्क्यांनी कमी राहिलं. २०२५ मध्ये हे निष्कर्ष छापून आले. त्यासाठी नवं औषध लागलं नाही. जुन्याच गोळ्या, पण रोज.

दवाखान्यातल्या एका आकड्यावर विसंबू नका. तिथे कुणाचा घाबरून वाढतो, तर कुणाचा नेमका तिथेच बरा येतो. दंडाला पट्टा बांधायचं स्वयंचलित यंत्र घ्या, मनगटाचं नको. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. जाड दंडाला छोटा पट्टा लावला तर आकडा खोटाच जास्त येतो.

मोजायच्या आधी अर्धा तास चहा, कॉफी, सिगारेट, व्यायाम नाही. लघवीला जाऊन या. पाठ टेकून खुर्चीत बसा, पाय जमिनीवर सरळ, मांडीवर मांडी नाही. हात टेबलावर असा टेकवा की पट्टा हृदयाच्या पातळीला येईल. बाही वर सरकवून तिचा पीळ दंडावर बसू देऊ नका, पट्टा उघड्या दंडावरच बांधा. पाच मिनिटं शांत बसा. यंत्र चालू असताना बोलायचं नाही. आमच्याकडे मावशीचा आकडा रोज वेगळा यायचा, कारण पट्टा फुगत असतानाच माझी तिच्याशी बडबड चालू असायची. मी गप्प बसायला लागले आणि आकडे जागेवर आले.

एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. सकाळी गोळी आणि नाश्त्याआधी, आणि संध्याकाळी. पहिल्या दिवशी दोन्ही हातांवर बघा; ज्या हातावर जास्त येतो तोच पुढे धरा. सात दिवस लिहून ठेवा, पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळी आधीच चालू असेल तरीही जा, डोस पुरत नसेल.

तुमचं लक्ष्य किती असावं हे डॉक्टरांना ठरवू द्या. ब्रिटनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या दीर्घ अभ्यासात पन्नाशीला वरचा आकडा १३० किंवा त्याहून जास्त असणाऱ्यांना पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढलेला दिसला, तेव्हा "१४० म्हणजे चालतंय" असं त्या वयात समजू नये. पण ऐंशीच्या पुढच्या, अशक्त, तोल जाणाऱ्या माणसाचा दाब फार खाली आणणं धोक्याचं ठरू शकतं. त्यांचा बसून मोजून झाला की उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने पडला, किंवा उठताना चक्कर येत असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आणि गोळी. आकडा नॉर्मल आला म्हणजे गोळी काम करते आहे, गरज संपली असा त्याचा अर्थ नाही. उच्च रक्तदाब बहुतेकांना जाणवतच नाही, म्हणून डोकेदुखीवर त्याचा अंदाज बांधता येत नाही. वारांचे कप्पे असलेली गोळ्यांची डबी दात घासायच्या ब्रशशेजारी ठेवा. रविवारी ती भरायची, आणि पुढच्या रविवारी एखादा कप्पा भरलेला दिसला तर रागावायचं नाही, वेळ कुठे चुकते ते शोधायचं.

दुसरी पायरी: रक्ताच्या दोन तपासण्या आणि नाडी

एचबीएवनसीने तीन महिन्यांची साखर कळते, आणि लिपिड प्रोफाइलमधून एलडीएल. चाळिशीनंतर दोन्ही करून घ्या. परत कधी करायच्या ते आलेल्या आकड्यांवर ठरेल. एलडीएल लॅन्सेटच्या यादीत २०२४ मध्येच नव्याने आलं. ते कमी करणाऱ्या स्टॅटिनच्या गोळीने स्मरणशक्ती जाते अशी धास्ती अनेकांना असते. हजारो लोकांवरच्या मोठ्या चाचण्यांमध्ये तसं दिसलेलं नाही, तेव्हा त्या भीतीने गोळी परस्पर बंद करू नका. मधुमेहात उलटी चूकही होते: वयस्कर माणसाची साखर खाली आणण्याच्या नादात ती वारंवार फारच कमी होते, आणि तेही मेंदूला बाधतं. घाम, थरथर, अचानक गोंधळ दिसला तर लगेच साखर तपासा आणि डोस डॉक्टरांकडून बदलून घ्या.

नाडी मोजायला यंत्र लागत नाही. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा. ठोके काहीही ताळमेळ नसल्यासारखे पडत असतील तर ईसीजी काढा. एट्रियल फिब्रिलेशन या विकारात हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते. त्यावर रक्त पातळ ठेवणारी औषधं आहेत. पण आधी तो सापडला पाहिजे, आणि अनेकांना त्याचं काही लक्षणच नसतं.

तिसरी पायरी: चाला, पण धाप लागेल असं

जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते. मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही. रमतगमत फेरी मनाला बरी वाटते, पण या हिशेबात ती कमीच पडते.

मेंदूवर चालण्याचा परिणाम दाखवणारा २०११ चा एक प्रयोग मला फार धीर देतो. १२० वयस्कर लोकांपैकी अर्ध्यांना वर्षभर आठवड्यातून तीन दिवस झपझप चालायला लावलं, सुरुवातीला थोडा वेळ, मग वाढवत ४० मिनिटांपर्यंत. बाकीच्यांनी नुसते ताण देण्याचे व्यायाम केले. वर्षाअखेर चालणाऱ्यांच्या मेंदूतला स्मृतीशी निगडित भाग, हिप्पोकॅम्पस, सुमारे २ टक्के वाढला होता. दुसऱ्या गटाचा घटला होता. लोक थोडे आहेत, त्यावरून इमले बांधू नयेत. पण साठीनंतर मेंदू फक्त झिजतो, हा समज त्याने मोडला.

काहीच करत नसाल तर पहिल्या आठवड्यात दिवसाला दहा मिनिटं, जेवणानंतर. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. दोन-तीन महिन्यांनी आठवड्यातले दोन दिवस स्नायूंच्या ताकदीसाठी घ्या: हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, भिंतीला हात लावून ढकलणं, पायऱ्या चढणं. चालताना छातीत दडपण येत असेल, नेहमीपेक्षा जास्त दम लागत असेल किंवा हृदयविकार आधीच असेल, तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा.

गुडघे दुखतात म्हणून चालणं सोडलेल्यांना सायकल किंवा पोहणं जमतं. मेंदूला धाप हवी आहे, ती कशाने लागते याचं त्याला काही नाही.

चौथी पायरी: ताटातलं मीठ आणि बाकीचं

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, आणि त्यात सगळं आलं: स्वयंपाकातलं, पाकिटातलं, बाहेरचं, वरून घेतलेलं. आपल्याकडे बहुतेकांचं मीठ घरच्या स्वयंपाकातूनच जातं, म्हणून हात तिथेच आखडा, आणि पाकिटबंद पदार्थांच्या वेष्टनावरचा सोडियमचा आकडाही वाचायची सवय लावा.

बाकी आहार म्हणजे पालेभाज्या, इतर भाज्या, फळं, कडधान्यं, अख्खं धान्य, सुकामेवा. खात असाल तर मासे. आणि साखर, तळलेलं, प्रक्रिया केलेलं मांस कमी. 'माइंड' नावाचा आहार मेंदूसाठी खास म्हणून गाजला. पण २०२३ मध्ये त्याची नीट चाचणी झाली, तेव्हा तीन वर्षांत तो तुलनेच्या गटापेक्षा सरस ठरला नाही. तुलनेच्या गटालाही वजन कमी करायला मदत मिळत होती, हे लक्षात घ्यावं लागतं. माझं मत असं की एकट्या आहाराकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये. तो रक्तदाब, साखर आणि एलडीएल यांच्या वाटेने मेंदूपर्यंत पोहोचतो. फिनलंडच्या 'फिंगर' चाचणीत ६० ते ७७ वयाच्या १,२६० लोकांना आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव आणि रक्तवाहिन्यांची देखरेख हे सगळं दोन वर्षं एकत्र दिलं, तिथे फरक दिसला. अमेरिकेतल्या 'पॉइंटर' चाचणीतही २०२५ मध्ये अशा एकत्र आणि शिस्तबद्ध कार्यक्रमाने स्वतःच्या मनाने करणाऱ्यांपेक्षा थोडं जास्त साधलं. कुणीतरी विचारणारं असलं की माणूस टिकतो, असं मी त्यातून घेतलं. चालायला सोबती ठरवा.

मेंदूसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या जीवनसत्त्वांच्या गोळ्यांवर पैसे घालू नका. कमतरता नसताना बी आणि ई जीवनसत्त्वं स्मृतिभ्रंश टाळण्यासाठी घेऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच स्पष्ट सांगितलं आहे. कमतरता तपासणीत सापडली तर गोष्ट वेगळी.

तंबाखू सोडा, कुठल्याही रूपात आणि कुठल्याही वयात. दारू मेंदूसाठी म्हणून सुरू करण्याजोगी गोष्ट नाही. घेत असाल तर कमी करा.

पाचवी पायरी: झोप आणि घोरणं

पन्नाशी-साठीत रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांना, सात तास झोपणाऱ्यांच्या तुलनेत, पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे ३० टक्के जास्त दिसला, असं त्याच ब्रिटिश कर्मचाऱ्यांच्या अभ्यासात २०२१ मध्ये आढळलं. मात्र झोपेच्या तासांइतकीच चौकशी घोरण्याची करा, आणि ती शेजारी झोपणाऱ्याकडे करा. घोरता घोरता श्वास थांबतो, मग हिसका बसून पुन्हा सुरू होतो, दिवसा बसल्या बसल्या डुलकी लागते, सकाळी डोकं जड असतं: हा स्लीप अ‍ॅप्निया असू शकतो. त्यात रात्रभर ऑक्सिजन खालीवर होतो आणि रक्तदाब गोळ्यांनाही दाद देत नाही. तपासणी करून उपचार घेतले की बऱ्याचदा दाबही सुधारतो.

सहावी पायरी: कान, डोळे, माणसं

हे हृदयातून येत नाही, पण सोडून चालणार नाही. ऐकू कमी आलं की माणूस बोलण्यातून हळूहळू अंग काढून घेतो, आणि घरचे त्याला विसराळू समजतात. २०२३ च्या एका चाचणीत श्रवणयंत्रांचा फायदा सगळ्यांत मिळून दिसला नाही, पण ज्यांना आधीच हृदयविकाराचा आणि ऱ्हासाचा धोका जास्त होता त्यांच्यात तीन वर्षांतली घसरण जवळपास निम्मी झाली. कान तपासून घ्या, मोतीबिंदू लांबणीवर टाकू नका.

घसरण सुरू झाली आहे असं वाटत असेल तर

चष्मा कुठे ठेवला हे विसरणं वेगळं. ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, रोजच्या कामाचा क्रम बिघडणं, पैशाचे घोळ, स्वभाव बदलणं हे दाखवून घ्यायचं. थायरॉइड, बी१२, नैराश्य, झोपेच्या किंवा अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्या यांमुळेही असं होतं, आणि ही कारणं बरी होण्याजोगी असतात. डॉक्टरांकडे जाताना तीन कागद न्या: रक्तदाबाची वही, चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी, आणि काय बदललं, कधीपासून, याची उदाहरणं तारखांसह. "विसरायला लागलीय" यापेक्षा "मार्चमध्ये एकच बिल दोनदा भरलं" हे त्यांना जास्त उपयोगी पडतं. शक्य असेल तर वेगळं बोलायला वेळ मागा. माणसासमोर त्याच्या चुकांचा पाढा वाचणं फार लागतं. मावशीच्या चेहऱ्यावर मी ते पाहिलं आहे.

तिचे पांढरे डाग गेले नाहीत. ते सहसा जात नाहीत. पण रक्तदाब गेली तीन वर्षं आटोक्यात आहे, आणि या तीन वर्षांत तिची घसरण आधीच्या दोन वर्षांइतकी झालेली नाही. वही ती स्वतः लिहिते, मी फक्त पट्टा बांधते.

एवढं सगळं सांभाळतानाही एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी. चेहरा एका बाजूला ओढला गेला, एक हात वर ठेवला की खाली पडतो, किंवा बोलणं अचानक अस्पष्ट झालं, तर तो लकव्याचा झटका समजून ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा. पाच मिनिटांत बरं वाटलं तरीही बोलवा. आणि माणूस शेवटचा ठीक कधी दिसला ती वेळ कागदावर लिहून घ्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते तास त्या वेळेपासून मोजतात.